पाच सूना आणि माळ्यावरचा हंडा



मे महिन्यात माझ्या पुतणीचा पुण्याहून फोन आला. लोणार-मेहकर रस्त्यापासून थोडं आत आमचं शेतातलं जुनं घर आहे. काळ्या दगडाचं जोतं, मातीच्या रुंद भिंती, वर सागवानी तुळया आणि पांढऱ्या मातीचं धाबं. कितीतरी वर्षं त्यात सोयाबीनची पोती आणि पाइपांची भेंडोळी एवढंच राहत होतं. या वर्षी घरातल्या मुलांनी मिळून पैसे काढले, धाबं नीट करून घेतलं, न्हाणीघर बांधलं आणि ठरवलं की दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी तिथं राहायला यायचं.

"मोठी आई, घर झालंच आहे समज. आता आतून सजवायचं. नवीन काही नको, सगळं जुनं, गावाकडचं हवं. तुझ्या माळ्यावर काय काय आहे?"

फोन ठेवल्यावर तिनं मोबाइलवर फोटो पाठवले. कुठल्या कुठल्या पर्यटनाच्या घरांचे होते. जात्यावर काच ठेवून केलेलं चहाचं टेबल. उखळात पाणी आणि त्यात तरंगणारी फुलं. चुलीत लाकडांऐवजी मेणबत्त्या. भिंतीवर मोरपिसांचा झुबका. दाराशी तांब्याचा मोठा हंडा आणि त्यात लावलेलं झाड. जेवणाच्या टेबलावर टांगलेला कंदील.

फोटो छान होते, खोटं कशाला बोलू. मोडीत जाण्यापेक्षा वस्तू डोळ्यासमोर राहिल्या तर वाईट काय? मी कागद घेऊन यादी करायला बसले. जातं, उखळ, चूल, झाडणी, पाण्याचा हंडा. पाच नावं लिहून झाली आणि हात थांबला. ही यादी मी आधी ऐकली होती. पाठशाळेत.

पाच सूना!

मी पुतणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पाच सुना? कुणाच्या?" तिची चूक नाही, कानाला तसंच ऐकू येतं. पण ही सूना वेगळी. संस्कृतात सूना म्हणजे जीव मारण्याची जागा, खाटीकखाना. गृहस्थाच्या घरात रोज नकळत हिंसा होते अशा पाच जागा आपल्या शास्त्रकारांनी मोजल्या: कांडण्याची, दळण्याची, चुलीची, पाण्याच्या भांड्याची आणि झाडण्याची. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दानाचा विषय येतो तिथं, दान कोणाला द्यायचं, तर या सूना आणि आरंभ यांपासून जे सुटले आहेत त्यांना, असं म्हटलं आहे. मनुस्मृतीतही हीच पाच नावं आहेत. तिथं उपाय म्हणून पंचमहायज्ञ सांगितले, आपल्याकडे दान आणि यत्न सांगितला. यत्न म्हणजे जपून करणं.

हे पाचही कामाचे जिन्नस बाईच्या हातातले. म्हणजे शास्त्रात ज्या हिंसेची नोंद आहे ती दुकानात बसणाऱ्या पुरुषाच्या आधी स्वयंपाकघरातल्या बाईच्या वाट्याला आली, आणि ती कमी करण्याची जबाबदारीही तिच्याच वाट्याला आली. आता त्याच पाच वस्तू शोभेच्या झाल्या. म्हणून मला वाटलं, माळ्यावरून त्या खाली काढण्याआधी प्रत्येकीचा हिशोब एकदा मांडावा. आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या बाया. दुकानाची वही दोनशे वर्षं लिहिली गेली असेल, स्वयंपाकघराची कोणी लिहिली नाही.

जातं

माळ्यावर नव्हे, आमचं जातं मागच्या पडवीत होतं. वरची तळी गुळगुळीत झालेली, खुंटा निघालेला. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पहाटे दोघी-दोघी समोरासमोर बसून दळायच्या. पण आपल्या घरात पहाटे म्हणजे अंधारात नव्हे. धान्य नीट दिसेल इतका उजेड आल्याशिवाय जात्यात वैरण घालायची नाही. आधी धान्य निवडायचं, मग मऊ फडक्यानं दोन्ही तळ्या पुसायच्या, दळून झाल्यावर पुन्हा झाडून, वर झाकण घालायचं, म्हणजे पिठाच्या वासानं मुंग्या येऊन दुसऱ्या दिवशी चिरडायच्या नाहीत.

आणि पिठाची मर्यादा: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. फ्रीज आणि डब्यांच्या काळात हे ऐकून नव्या मुली हसतात, पण या नियमाचा अर्थ बघा. आठवड्याहून जास्त दिवसांचं पीठ एकदम दळून ठेवता येत नाही, म्हणजे वर्षाचे बारा महिने दळण सुटत नाही. अहिंसेचा हा नियम बाईच्या खांद्यांनी पाळला. मी तो नियम मानते. पण तो कोणाच्या कष्टावर उभा होता हेही सांगितलं पाहिजे.

जात्यावर बाया ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हें यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि आता त्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. जातं गेलं, पण बायांनी जे जात्याला सांगितलं ते उरलं, ही केवढी मोठी गोष्ट!

जात्याशी जोडलेलं आणखी एक माणूस आपण विसरलो. तळी गुळगुळीत झाली की ती टाकीनं टोचून खरबरीत करून घ्यावी लागे. ते काम करणारे टकारी, वऱ्हाडात टाकणकार म्हणत, गावोगाव हिंडायचे. दारोदार फिरणाऱ्या अशा कितीतरी जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. टकारी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा आपले खांदे सुटले आणि त्यांची भाकरी सुटली. जात्यावर काच ठेवून चहा प्यायचा असेल तर प्या, पण त्या तळीवरचे टाकीचे घाव मुलांना दाखवा. ते कोणाच्या तरी हाताचे आहेत.

उखळ

आमचं उखळ दगडी, जमिनीत बसवलेलं होतं. घर दुरुस्त करताना गवंड्यानं ते उकरून काढलं. कुरडयांसाठी गहू सडायचे, मिरची कांडायची, ती यातच. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं. उखळाचा नियम एकच होता: वापरण्याआधी आत हात फिरवून बघायचं, आणि वापरून झालं की कोरडं करून झाकून ठेवायचं. उघड्या उखळात किडा-मुंगी पडते आणि मुसळाला ती दिसत नाही.

फोटोत याच उखळात पाणी भरून फुलं सोडली होती. मी पुतणीला म्हटलं, "बाई गं, साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास होतात. घर बंद करून तुम्ही पुण्याला जाणार. मग परत आल्यावर ते पाणी ओतणार, नाहीतर औषध टाकणार. ज्या उखळावर आपल्या बाया मुंगी मरू नये म्हणून झाकण ठेवायच्या, तिथं आपण हौसेनं जीव जन्माला घालून मारायचे का?"

तिला ते पटलं. उखळ आता अंगणात पालथं ठेवलं आहे. त्यावर बसायला छान जागा झाली.

चूल आणि कंदील

आपल्या भागात चुलीत काय जळायचं? गोवऱ्या आणि पऱ्हाट्या. कपाशीची वेचणी संपली की उभी झाडं उपटून बाया भारे बांधून आणायच्या. वऱ्हाडातली चूल कापसावर चालली असं म्हटलं तरी चालेल, आणि दुकानही.

पऱ्हाटी आणि गोवरी दोन्हीत किडे राहतात. म्हणून सरपण आपटून, झटकून मगच चुलीत घालायचं. पावसाळ्याआधी ते कोरड्या जागी रचायचं. आणि चुलीवर चांदवा बांधायचा. तव्यात, पातेल्यात वरून पाल, कोळी, धाब्याची माती पडू नये म्हणून ताणून बांधलेला कापडाचा चौकोन. धाब्याच्या घरात तर त्याची फारच गरज, कारण वरून माती झडतच असते. फोटोंतल्या एकाही घरात मला चांदवा दिसला नाही. म्हणजे जुनं घर सजवणाऱ्यांना चूल आठवते, पण चुलीवर जीव पडू नये म्हणून बांधलेलं फडकं आठवत नाही. मी माझ्या सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचा काठ लावून एक चांदवा शिवून दिला आहे. घरातली सगळ्यात सुंदर वस्तू तीच, असं आता पुतणी म्हणते.

कंदिलाचीही मजा सांगते. माळ्यावर आमचा प्रभाकर कंदील सापडला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातला, स्वदेशीच्या काळात घरोघरी गेलेला. काच अजून शाबूत आहे. पुतणीला तो जेवणाच्या टेबलावर टांगायचा होता. पण आपल्या घरात जेवण आणि कंदील एकत्र कधी आलेच नाहीत! दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची, भांडी घासून पालथी पडायची आणि मग कंदील लागायचा. त्याच्या उजेडात दुकानाच्या वह्या लिहिल्या गेल्या, पोरांनी पाढे म्हटले, बाळंतिणीजवळ रात्र काढली. जेवणावर त्याचा उजेड पडला नाही. म्हणून कंदील आता ओसरीत, वाचायच्या जागी टांगला आहे. जुनी वस्तू कुठं ठेवायची हे तिच्या दिसण्यावरून नाही, तिच्या चालीवरून ठरवावं, एवढंच मला यातून कळलं.

केरसुणी

केरसुणी कोणी माळ्यावर जपून ठेवत नाही, ती झिजते आणि जाते. शिंदीच्या पानांची केरसुणी आणि दोरखंड करणारे मातंग समाजातले कारागीर गावोगाव होते. आपल्या घरी ती मऊ बघून घ्यायची. झाडायचं हलक्या हातानं, आणि केरात जीव दिसला तर सुपलीत घेऊन सावलीत नेऊन सोडायचा.

फोटोत केरसुणी नव्हती, तिच्या जागी मोरपिसं होती. मोरपीस आपण मुनींच्या हातात पाहतो. पिच्छी शोभेसाठी नसते. मोरानं आपणहून गाळलेली पिसं एकत्र बांधून ती करतात, कारण बसण्याआधी, वस्तू ठेवण्याआधी जागा पुसायची तर त्याहून मऊ काही नाही. डोळ्यातही टोचत नाही इतकं मऊ. म्हणजे ती मुनींची केरसुणीच म्हणा. जे झाडण्यासाठी आहे ते आपण भिंतीला टांगावं आणि झाडायला मात्र प्लास्टिकचा खरखरीत ब्रश आणावा, हे मला उलटं वाटलं. पिसं आम्ही टांगली नाहीत. कोपऱ्यात दोन मऊ फडे ठेवले आहेत, आणि ते वापरतो.

पाणी

पाचवी सूना पाण्याची. आपल्या समाजाची ओळखच पाणी गाळण्यावरून व्हायची. जाड कापडाचं गाळणं, छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस अंगुळं रुंद, ते दुहेरी करून भांड्याच्या तोंडावर बांधायचं. मेहकर आणि देऊळगाव राजा इथं हातमागावर कापड विणलं जायचं, तेव्हा असं घट्ट, जाड कापड जवळच मिळे. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं चालतं, मग पुन्हा गाळायचं. आणि गाळण्यावर जे राहिलं ते मोरीत टाकायचं नाही. गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी सोडायचं आणि ती जिवाणी त्याच विहिरीत, तळाशी हळू सोडायची. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात. वरून फेकली तर तो जीव मरेल, म्हणून कडीची लहान बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली न्यायची आणि मगच उलटी करायची.

सासूबाई हे करायच्या तेव्हा मी नवी होते आणि मला घाई असायची. त्या म्हणायच्या, ज्याचं आहे त्याला पोचतं करायचं, त्यात घाई कसली.

हे वाक्य नंतर माझ्या कामाला आलं.

हंड्यावरचं नाव

माळ्यावर एकूण अकरा मोठी भांडी निघाली. तांब्याचे हंडे, पितळी घंगाळ, चरव्या, एक गंज. स्टील आलं तेव्हा कितीतरी घरांतून तांबं-पितळ मोडीत गेलं, आमच्याकडे एवढं कसं राहिलं याचं मला कौतुक वाटायचं. चिंच-मीठ लावून एकेक घासायला घेतलं. घासता घासता काठावरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. पूर्वी लग्नात भांड्यांवर नावं घालून द्यायचे ना, तशी. माझ्या आजेसासूंचं नाव निघालं, सासूबाईंच्या माहेरचं निघालं. आणि सगळ्यात मोठ्या हंड्यावर एका बाईचं नाव, पुढं नवऱ्याचं नाव आणि शके १८७१, म्हणजे १९४९. ते नाव आमच्या घरातलं नव्हतं. आमच्या समाजातलंही नव्हतं.

असे अकरांतले चार निघाले.

मैत्रिणींनो, हे लिहायला मला वेळ लागला. आमचं कापडाचं दुकान होतं हे मी अभिमानानं सांगते. दुकानाच्या मागच्या खोलीत गहाणवट चालायची, हे सांगत नाही. आपल्यापैकी पुष्कळ घरांत हे असंच आहे.

वऱ्हाड १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पोचला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. खामगाव देशातल्या मोठ्या कापूस बाजारांपैकी एक झालं. आपली कितीतरी घरं त्या बाजारावर उभी राहिली. पण भाव चढला तसा पडलाही. सारा रोखीनं भरायचा, बियाणं उधारीचं, पाऊस बेभरवशाचा. १८९६–९७ आणि पुन्हा १८९९–१९०० चा दुष्काळ आला. अशा वेळी शेतकऱ्याच्या घरातून आधी बाईचे दागिने बाहेर पडायचे, मग भांडी. पुणे-नगर भागात १८७५ मध्ये सुप्याला लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते याच रागातून. आमच्याकडे जाळपोळ झाली नसेल, पण भांडी तशीच येत होती.

हा हंडा १९७२ च्या दुष्काळातला असावा. सासूबाई त्या वर्षाबद्दल सांगायच्या: विहिरी तळाला, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया. आणि दुकानाच्या मागच्या दारानं डोक्यावर रिकामा हंडा घेऊन येणाऱ्या बाया. पाणी नव्हतं, तेव्हा पाण्याचं भांडं गहाण टाकणं सोपं वाटत असेल. पुढं आणीबाणीच्या काळात, १९७५–७६ मध्ये, महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा कायदा झाला. लहान शेतकरी, शेतमजूर, कारागीर यांची सावकारी कर्जं माफ झाली आणि गहाण वस्तू परत द्यायच्या ठरल्या. आमच्याकडूनही काही भांडी तेव्हा परत गेली. जे मागायला आले ते घेऊन गेले. जे आले नाहीत त्यांचं माळ्यावर चढलं.

हंड्याबद्दल घरात बोलणं झालं. माझे दीर म्हणाले, "वहिनी, पन्नास वर्षं झाली. कुणी मागितला नाही. आता तो आपलाच." पुतणीनं काही म्हटलं नाही, पण तिच्या फोटोत दाराशी ठेवायला तोच हंडा सगळ्यात शोभत होता.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा. दरवर्षी ऐकते. सत्याणुव्रताचे पाच अतिचार आले, त्यात चौथा न्यासापहार. पंडितजी समजावत होते: कोणी आपल्याकडे ठेव ठेवली, पुढं तो किती ठेवली ते विसरला, कमी मागायला आला, आणि आपण सगळं माहीत असून म्हणालो, हो, एवढंच होतं. आपण चोरी केलेली नाही. फक्त त्याच्या विसरण्याचा फायदा घेतला. मी चटईवर बसून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यासमोर घासून चकचकीत केलेला तो हंडा होता. ठेव आणि गहाण एक नाही, हे मलाही कळतं. पण दुसऱ्याच्या विसरण्यावर आपला हक्क उभा करायचा, ही गोष्ट तीच. कुणी मागितला नाही म्हणून आपला.

क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि पुतणी हंडा गाडीत घालून त्या गावी गेलो. नाव विचारत विचारत घर सापडलं. त्या बाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात नातसून होती, अंगणात सोयाबीन वाळत घालत होती. आम्ही कोण, कशाला आलो हे सांगितलं. तिला आधी काही कळेना, मग थोडी घाबरली, वाटलं आम्ही जुनं काही वसूल करायला आलो. मी म्हटलं, "नाही बाई, द्यायला आलोय. हा तुमच्या आजेसासूंचा आहे. नाव बघ."

तिनं काठावरून बोट फिरवलं. नाव मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "फोटो बी नाही आमच्या घरात त्यायचा. नाव हाये मंग एका जागी." थोडा वेळ गप्प बसली आणि विचारलं, "काकू, मोडीत देला तर किती येतीन याचे?"

पुतणीचा चेहरा पडला. मलाही क्षणभर वाईट वाटलं, ते लपवत नाही. मी मनात ठरवून गेले होते की ती डोळे पुसेल, हंडा देवघराशी ठेवेल. पण मग वाटलं, तिची वस्तू, तिनं काय करायचं ते ती ठरवेल. आपण परत दिलं म्हणजे त्यावर आपला भावनेचा हक्क ठेवायचा नाही. तोही एक परिग्रहच. मी तिला तांब्याचा चालू भाव विचारून सांगितला आणि वजन करून घे, अंदाजानं देऊ नकोस असं बजावलं. तिनं चहा केला. दिवस होता, आम्ही घेतला.

तिनं हंडा ठेवला की मोडला, मी विचारलेलं नाही. उरलेल्या तिघांपैकी एकाचं घर सापडलं, ते कुटुंब कामासाठी सुरतेला गेलंय, निरोप धाडला आहे. दोन नावं अजून लागत नाहीत. ती भांडी माझ्याकडे आहेत, पण शेतातल्या घरात ठेवलेली नाहीत.

माळ्याची वही

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून अडकित्ते, दिवे, भांडी, दारं अशा सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या, आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं तो सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. संग्रहालयातल्या वस्तूखाली एक चिठ्ठी असते. घरात सजवलेल्या वस्तूखाली ती नसते, म्हणून ती वस्तू मुकी होते.

आम्ही शेतातल्या घरात एक वही ठेवली आहे. साधी, लाल पुठ्ठ्याची, दुकानातल्यासारखी. प्रत्येक वस्तूला एक पान. कोणाची, कुठून आली, तिच्यावर काय केलं जायचं, काय जपायचं. जात्याच्या पानावर टाकणकारांबद्दल लिहिलं आहे. चांदव्याच्या पानावर सासूबाईंच्या लुगड्याबद्दल. एका पानावर चार हंड्यांची नावं आहेत आणि त्यापुढं काय झालं ते. ते पान लिहायला दिरांनीच सुरुवात केली, मी नाही.

दाराशी जिथं मोठा हंडा शोभला असता तिथं मातीचा रांजण ठेवला आहे, देऊळगाव राजाच्या बाजारातून आणलेला, नवा. त्यावर दुहेरी गाळणं बांधलेलं असतं. पुतणीची धाकटी मुलगी गेल्या खेपेला आली तेव्हा पाणी गाळून झाल्यावर गाळणं हातात घेऊन विचारत होती, "आजी, हे आता कुठं सोडायचं?" शेतातल्या विहिरीला कडीची बादली अजून आहे. तिला घेऊन गेले.

तुमच्या माळ्यावर भांडी असतील तर दिवाळीआधी घासायला काढाल तेव्हा काठ नीट बघा. नाव कोणाचं आहे ते वाचा.

जय जिनेंद्र.